चाकांवरचे दुकान : छोट्या गाडीची निगा, बदल आणि बाजाराची वाट

कापडाचा व्यापार म्हटला की गादी, कपाटे आणि काचेचे दुकान डोळ्यांसमोर येते. परंतु आपल्या भंडारा जिल्ह्यात कापडाचा बराचसा व्यवहार आजही आठवडी बाजारात होतो. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, लाखनी, साकोली आणि लाखांदूर या सातही तालुक्यांत गावोगावच्या बाजाराचे वार ठरलेले आहेत. त्या वारांवर फिरणारा कापडवाला सकाळी माल उतरवतो, दिवे लागणीला पुन्हा भरतो आणि दुसऱ्या दिवशी दुसरे गाव गाठतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरू लागली की त्याला उसंत मिळत नाही. त्याचे दुकान, गोदाम आणि कधी कधी रात्रीचा निवारा, हे सारे एकाच छोट्या गाडीत असते.

पूर्वी हा माल बैलबंडीवर, सायकलच्या कॅरियरवर किंवा एस.टी.च्या टपावर गाठोडी टाकून जात असे. २००५ साली टाटा कंपनीची 'एस' ही चारचाकी छोटी गाडी बाजारात आली. दोन सिलिंडरचे सुमारे ७०० सी.सी.चे डिझेल इंजिन आणि ७५० किलो माल वाहण्याची क्षमता असलेल्या या गाडीला लोकांनी 'छोटा हत्ती' हे नाव दिले. नंतर इतर कंपन्यांच्याही अशा गाड्या आल्या. आपल्या बांधवांपैकी अनेकांनी जुनी-नवी गाडी घेतली, मागे पत्र्याची बंद बॉडी बसवली, आत फळ्या ठोकल्या आणि फिरते दुकान सुरू केले.

आम्ही कापडाच्या धंद्यात आहोत आणि या फिरत्या व्यापाऱ्यांशी आमचा रोजचा संबंध आहे. पातळाच्या भावात चार आण्यांसाठी घासाघीस करणारा हुशार व्यापारी गाडीच्या बाबतीत मात्र फार बेफिकीर असतो, असे आम्हाला दिसते. गाडी हा त्याला खर्च वाटतो. वास्तविक गाडी हे त्याचे भांडवल आहे, आणि त्या गाडीत जो माल असतो त्यापैकी बराच माल त्याचा अजून झालेलाच नसतो. नागपूरच्या गांधीबाग-इतवारीतून तो उधारीवर उचललेला असतो. गाडी उलटली, गळली किंवा पेटली तर माल जातो, उधारी मात्र डोक्यावर राहते, आणि ती फेडणे आपल्यावर फर्ज आहे. म्हणून या लेखात आम्ही गाडीचाच हिशेब मांडत आहोत.

युरोप-अमेरिकेत लोक मोटारीमागे छोटे घर जोडून फिरतात, त्याला कॅराव्हॅन किंवा ट्रेलर म्हणतात. आपल्या राज्य शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तिकडच्या हौशी प्रवाशांची चाकांवरची खोली आणि आपल्या व्यापाऱ्याचे चाकांवरचे दुकान यांत फरक पुष्कळ आहे, पण दोघांचे शत्रू तेच आहेत : वजन, पाणी आणि चाकाकडे दुर्लक्ष. आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे अपुरे कागद.

वजनाचा खरा हिशेब

गाडी ७५० किलोची आहे म्हणजे ७५० किलो कापड भरता येते, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. ही क्षमता मोकळ्या हौद्याच्या गाडीची असते. त्यावर बंद बॉडी बसवली की तिचे वजन याच क्षमतेतून वजा होते. उदाहरणादाखल समजा, पत्र्याच्या बॉडीचे वजन १५० किलो आहे. आतले रॅक, टेबल, बांबू, तंबू व ताडपत्री मिळून १०० किलो आणि सोबतचा माणूस ६५ किलोचा. ७५० मधून ३१५ गेले, उरले ४३५ किलो. एक पातळ अर्धा किलोचे धरले तर ८७० पातळे. त्यातच चादरी, सतरंज्या आणि ब्लँकेट भरले की नगांची संख्या झपाट्याने खाली येते.

हा हिशेब तोंडी करू नये. बॉडी आणि रॅक बसवून झाल्यावर, माल न भरता, गाडी एकदा धर्मकाट्यावर न्यावी. पाच मिनिटांचे काम आहे. आर.सी. बुकात भरलेल्या गाडीचे कमाल वजन लिहिलेले असते. त्यातून काट्यावरचा आकडा आणि आत बसणाऱ्या माणसांचे वजन वजा केले की उरतो तो आपला हक्काचा भार. तो आकडा रंगाने बॉडीच्या दाराच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावा.

पुष्कळ जण यावर उपाय म्हणून मिस्त्रीकडून मागच्या कमानीत एक पाटा वाढवून घेतात. गाडी मग भार भरल्यावरही बसलेली दिसत नाही आणि मालकाला समाधान वाटते. पण पाटा वाढवल्याने ब्रेक मोठे होत नाहीत, हबचे बेअरिंग आणि टायर मजबूत होत नाहीत. वाढीव वजन त्यांच्यावरच येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. माल गाडीबाहेर आला, बाजूला, मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर, तरी २०,००० रुपयांचाच दंड आहे. एका दंडात कित्येक बाजारांची कमाई जाते.

भार कसा रचला हेही वजनाइतकेच महत्त्वाचे आहे. ब्लँकेट, चादरी आणि थानांचे गठ्ठे खाली आणि केबिनच्या बाजूला ठेवावेत. परकर, ओढण्या, तयार कपडे असा हलका माल वर. सगळा भार मागच्या दाराजवळ गेला तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग रस्ता धरत नाही. उंच बॉडीत वरच्या फळीवर जड माल असेल तर वळणावर गाडी कलते. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे ज्याला आपण पूर्वी ६ नंबरचा म्हणत होतो त्या रस्त्यावर, मोठा ट्रक शेजारून गेला की त्याच्या वाऱ्याने अशी गाडी डोलते, हे प्रत्येक चालकाला ठाऊक आहे.

पाणी आणि ओल

आपल्या जिल्ह्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भाताचा मुलूख आहे, हवेत ओल असतेच. एकदा भिजलेल्या कापडाला डाग पडतो आणि मग ते अर्ध्या किमतीलाही जात नाही.

बॉडी गळते ती पत्र्याच्या मधोमध क्वचितच. ती जोडावर, रिव्हेटच्या छिद्रांत, दाराच्या वरच्या कडेला आणि दिव्याची वायर आत जाते त्या भोकातून गळते. मृग लागण्यापूर्वी एका दुपारी रिकामी बॉडी बंद करून आत एका माणसाने बसावे आणि दारे लावून घ्यावीत. जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण करावी. नंतर दुसऱ्याने वरून पाइपने पाणी सोडावे, आतल्याने बॅटरी घेऊन पाहावे. खुणा केलेल्या जागा तारेच्या ब्रशने घासून, गंज काढून, कोरड्या करून मगच सीलंट भरावे. गंजावर भरलेले सीलंट दोन महिन्यांत सुटते. दारांचे रबर दरवर्षी दाबून पाहावे. कडक झाले असेल तर बदलावे. दारावर पत्र्याची छोटी पनाळ लावली तर माल काढताना पाणी आत येत नाही.

पत्र्याच्या जमिनीवर कापड कधीही थेट ठेवू नये. लाकडी पट्ट्यांची जाळी टाकून माल दोन इंच उचलून ठेवावा, म्हणजे खालून हवा खेळते. बॉडीला वरच्या बाजूस झाकणाचे दोन झरोके असावेत, एक पुढे व एक मागे. बाजारात भिजलेला तंबू आणि ताडपत्री मालासोबत आत कोंबण्याची सवय फार वाईट आहे. त्यांच्यासाठी निराळी पेटी असावी.

मोहाडी-आंधळगावकडचा कोसा किंवा करवतकाठी पातळ सोबत असेल तर त्याची निगा वेगळी. कोसा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावा. डांबरगोळी जरीला लागू देऊ नये, जर काळी पडते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि बंद पत्र्याच्या आत त्याहून अधिक ताप होतो. छताला बाहेरून पांढरा रंग दिला तर आतली उष्णता बरीच कमी होते. आतून थर्माकोल लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. थर्माकोल चटकन पेट घेतो आणि आपल्या गाडीत कापड आहे.

चाक, ब्रेक आणि वायर

छोट्या गाडीची चाके लहान असतात. तेवढ्याच अंतरात ती मोठ्या चाकापेक्षा जास्त फेऱ्या घेतात आणि खड्ड्यात जास्त खोल जातात. म्हणून हबचे बेअरिंग आणि ग्रीस यांकडे लक्ष हवे. दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर गाडी थांबवून चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्यावा. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापले असेल तर तिथे बेअरिंग किंवा ब्रेक धरत आहे, असे समजावे आणि मिस्त्रीला दाखवावे. महिन्यातून एकदा कमानीचे यू-बोल्ट आवळून घ्यावेत.

टायर घेताना त्याच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचावेत. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. जुना टायर खाचा चांगल्या असूनही आतून कडक होतो व भर उन्हात फुटतो. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की टायर संपला. हवा थंड टायरमध्ये, गाडीवर लिहिलेल्या मापाप्रमाणेच भरावी. स्टेपनीतली हवाही त्याच दिवशी पाहावी, कारण गरज पडते तेव्हाच ती रिकामी सापडते.

संध्याकाळच्या बाजारासाठी दिवे लागतात. हेडलाइटच्या वायरीतून जोड काढून बल्ब लावणे धोक्याचे आहे. वेगळी बॅटरी, वेगळी जाड वायर आणि बॅटरीजवळच फ्यूज, एवढे असलेच पाहिजे. १० वॅटचे चार एल.ई.डी. दिवे म्हणजे ४० वॅट. १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअरही लागत नाहीत. ४० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली तरी सहा तास उजेड मिळतो. पत्र्यातून वायर नेताना रबराची गोल बांगडी बसवावी, नाही तर पत्र्याची धार वायर कापते आणि ठिणगी पडते. दोन किलोचे पावडरचे अग्निशामक नळकांडे चालकाच्या हाताशी ठेवावे. गाडीत स्टोव्ह, उदबत्ती किंवा बिडी-सिगारेट नको. रात्री गाडीतच झोपणे भाग पडले तर झरोके उघडे ठेवावेत आणि इंजिन किंवा जनरेटर मुळीच चालू ठेवू नये. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

बदल करा, पण उचलून काढता येईल असा

गाडीत बदल करण्याबाबत कायदा आता कडक आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कंपनीने ज्या स्वरूपात गाडी दिली व जशी नोंदली गेली, त्या मूळ तपशिलात मनमानी फेरफार करता येणार नाही. त्याच वर्षी कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

यातून आमच्या मते एक सोपा नियम निघतो. जो बदल गाडीच्या सांगाड्याला जोडायचा आहे, जसे बंद बॉडी किंवा बाजूला उघडणारे दार, तो आधी आर.टी.ओ. कार्यालयात विचारून, मंजुरी घेऊन व आर.सी. बुकावर नोंदवून करावा. बाकी सर्व सोय अशी करावी की चार बोल्ट काढले की बाहेर येते. रॅक पट्ट्यांनी आवळलेले असावेत, टेबल घडीचे असावे, सावलीचा तंबू गाडीला न जोडता आपल्या पायांवर उभा राहणारा असावा. याचा दुसरा फायदाही आहे. पोळ्याच्या बाजाराला एक मांडणी, लग्नसराईला दुसरी, ईदला तिसरी करता येते. गाडी विकायची झाली तर मांडणी आपल्याजवळ राहते.

इथे आमचे दोन शब्द कारागीर बांधवांसाठी. वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग, कुशन आणि वायरिंगच्या कामांत आपले अनेक बांधव आहेत. त्यांनी रॅकचे काम घेताना वजन लिहून पक्के बिल द्यावे. जाड अँगलऐवजी हलका चौकोनी पाइप आणि प्लायवूड वापरून तीच मजबुती कमी वजनात देता येते. कमी झालेला प्रत्येक किलो हा व्यापाऱ्याचा एक किलो माल आहे. हे पटवून देणाऱ्या कारागिराकडे बाजारकरी आपण होऊन येतील.

कागद आणि विमा

एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, परंतु फिटनेस, कर, विमा आणि पी.यू.सी. लागतेच. फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांचे, त्यानंतर दरवर्षी. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले आहे. मागे मालासोबत माणसे बसवणे मात्र बेकायदा आहे. जुनी गाडी घेताना तिच्यावरचा कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद आर.सी.वर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सर्वांत मोठा गैरसमज विम्याबाबत आहे. गाडीच्या विम्यात तिसऱ्या व्यक्तीचे नुकसान येते, पूर्ण पॉलिसी असेल तर गाडीचेही येते. गाडीतल्या कापडाचे नुकसान त्यात येत नाही. मालासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा, पवनी, लाखांदूर, मोहाडी, तुमसर या भागांत पाणी शिरले. त्या पुरानंतर आमच्या परिचयाच्या एका फिरत्या व्यापाऱ्याला गाडीच्या दुरुस्तीचे पैसे विम्यातून मिळाले, पण आत भिजलेल्या दिवाळीच्या मालाचा एक पैसा मिळाला नाही. पॉलिसीच्या कागदावर तसे लिहिलेलेच होते. ती उधारी फेडायला त्याला दोन हंगाम लागले. शिवाय नोंद न केलेला बदल गाडीत आढळला तर गाडीच्या दाव्यातही अडचण येऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी मालाचे चलन सोबत ठेवावे. राज्यातल्या राज्यात एक लाखापेक्षा जास्त किमतीचा माल नेताना ई-वे बिलाचे आपल्या हिशेबनिसाला आधीच विचारून घ्यावे.

वाटेवर

पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये, मग बाजार चुकला तरी चालेल. पाण्यात बुडालेली गाडी बाहेर काढल्यावर लगेच चावी फिरवू नये. इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि लहान दुरुस्तीचे मोठे काम होते. आधी बॅटरी सोडवावी आणि मिस्त्रीला बोलवावे. साकोलीच्या पुढे जंगलाचा भाग लागतो. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. रात्री रानडुकरे आणि चितळ रस्त्यावर येतात. भरलेली गाडी तिथे हळूच चालवावी. धानाच्या हंगामात बांधाकडेची माती मऊ असते. रस्ता सोडून गाडी लावताना आधी पायाने जागा दाबून पाहावी.

प्रत्येक बाजार परवडतोच असे नाही. त्यासाठी गाडीची वेगळी वही ठेवावी. डिझेल, टायर, सर्व्हिसिंग, विमा, फिटनेस यांचा वर्षाचा खर्च मांडून त्याला वर्षाच्या किलोमीटरने भागावे. समजा किलोमीटरला १० रुपये पडले. चाळीस किलोमीटरवरच्या गावाला जाऊन येण्याचे ८०० रुपये झाले. मालावर शेकडा १५ रुपये सुटत असतील तर पहिल्या ५,३३३ रुपयांच्या विक्रीतला नफा केवळ गाडीने खाल्ला. त्यावर जी विक्री होईल तिच्यातून बाजाराची पावती, जेवण आणि आपली मजुरी. ही वही दोन-तीन महिने ठेवली की कोणता बाजार सोडावा आणि कोणत्या गावी दोघांनी मिळून एकाच गाडीने जावे, हे आपोआप कळते. भागीदारीत गाडी चालवणाऱ्यांसाठी तर ही वही म्हणजे भांडणावरचा इलाज आहे.

शहरात मोठी दुकाने झाली, मोबाइलवर कापड घरपोच येऊ लागले. तरीही खेड्यातली बाई पातळ हातात घेऊन, पोत पाहून, शेजारणीला विचारून घेते आणि ओळखीच्या कापडवाल्याकडे धानाच्या चुकाऱ्यापर्यंत उधारीही मागते. हा विश्वास हीच फिरत्या व्यापाऱ्याची खरी पुंजी आहे. तो टिकवायचा तर ठरल्या वारी, कोरडा माल घेऊन, त्याच झाडाखाली त्याची गाडी उभी असली पाहिजे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येकाने तीन कामे करून घ्यावीत : गाडीचे वजन काट्यावर, छताची तपासणी पाण्याने आणि मालाच्या विम्याची चौकशी. तिन्ही कामांना मिळून एक दिवस पुरतो. मेहनत आपण करू, बरकत देणारा अल्लाह आहे.